सतरा मार्कांचा स्कॅन

माझी मुलगी मनस्वी, घरात मनू, साडेपाच वर्षांची असताना तिचं नाक वाहायला लागलं. ती सव्वासात वर्षांची झाली तरी ते थांबलं नव्हतं. या काळात जेवढे सल्ले मिळाले तेवढे रुमाल मिळाले असते तर निदान धुवायचे कष्ट वाचले असते. दही बंद करा, केळं बंद करा, डोक्यावरून आंघोळ घालू नका. सासूबाईंची ओव्याची पुरचुंडी तव्यावर रोज गरम होत होती. शेजारच्या वहिनींनी तर सांगून टाकलं, अंबरनाथ सोडा, हा सगळा एमआयडीसीच्या वासाचा प्रताप आहे. जसं काही दुसरीकडे कुणी आमच्यासाठी घर झाडून ठेवलंय.

औषधं सांगायला मी हे लिहीत नाही, ती डॉक्टरांना विचारा. माझ्या हातून एक चूक झाली, आणि करताना मला ती चूक आहे हे पक्कं माहीत होतं. घरात असं सतत आजारी लेकरू असलं की आपण दमतो. दमलेला माणूस खोटं फार सहज बोलून जातो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणून लिहितेय.

आमचं घर

आम्ही अंबरनाथ पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझा नवरा संदेश एमआयडीसीत केमिकल कंपनीत आहे, तीन पाळ्यांमध्ये. मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला आहे. अकरा वर्षं तेच काम. धुऊन, वाळून आलेली पँट टेबलावर पसरायची, शिलाई ओढून बघायची, रंग ट्यूबलाइटखाली धरायचा, दोष दिसला की खडूने खूण. माझ्या पुढे तीन ढीग असतात: ओके, आल्टर म्हणजे दुरुस्तीचा, आणि रिजेक्ट. संध्याकाळी नाक शिंकरलं तर निळं निघतं. संदेशच्या कपड्यांना कंपनीचा वास. मुलीचं नाक बिघडलं त्यात आमचा दोघांचा हात किती, हा विचार मी दोन वर्षं रोज केला. उत्तर कुणी दिलं नाही आणि नोकरी कुणी सोडली नाही.

मनू तोंड उघडं टाकून झोपायची आणि म्हाताऱ्या माणसासारखी घोरायची. सकाळी उठल्यावर आधी खोकला, मग डोकेदुखी, मग शाळा. शाळेतून चिठ्ठी आली की मुलगी लक्ष देत नाही. एकदा गॅसवर दूध करपलं, अख्ख्या जिन्यात वास गेला, आणि ही ओट्याजवळच बसून चित्र रंगवत होती. मी ओरडले, "अगं, वास नाही आला तुला?" ती म्हणाली, "कसला?" मी पातेलं तसंच टाकलं आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्या मॅडमचा दवाखाना आमच्याच बाजूला, स्टेशनपासून चालत जाण्यासारखा. बाई कमी बोलतात. त्यांनी औषधं दिली, बदलून दिली, पुन्हा दिली. चार-पाच महिने असे गेल्यावर म्हणाल्या, "आता सीटी स्कॅन करून घेऊ. सायनस किती भरलेत ते बघू, मग ऑपरेशनचं ठरवू." ऑपरेशन हा शब्द त्यांनी अगदी सहज उच्चारला.

त्यांनी सूचनांचा कागद दिला. तीन आठवडे औषध पूर्ण घ्यायचं. ताजी सर्दी किंवा ताप असेल तर स्कॅन करायचा नाही, फोन करून तारीख पुढे घ्यायची. हे वाक्य त्यांनी पेनाने दोनदा अधोरेखित केलं. मी तो कागद फ्रिजला लावला. भाजी काढताना रोज वाचत होते.

तारीख

स्कॅनची तारीख मिळाली ती संदेशला रजा मिळणार होती तीच. त्याने त्यासाठी आपली पाळी दोन जणांबरोबर फिरवली होती. मीही सेठला सांगून ठेवलं होतं. सगळं जुळून आलं होतं, आणि आदल्या दिवशी शाळेतून आल्या आल्या मनूने सलग सात शिंका दिल्या. संध्याकाळी अंग गरम. थर्मामीटरमध्ये शंभरच्या वर.

संदेश तेव्हा दुसऱ्या पाळीला होता. सासूबाई देवळात. घरात मी आणि मनू. मी फ्रिजवरचा कागद वाचला. मग तापाचं औषध काढलं आणि चमचाभर पाजलं. सकाळी पुन्हा पाजलं, नाकात थेंब घातले. नाक कोरडं दिसायला लागलं. तिला म्हटलं, "तिथे कुणी विचारलं ना, तर ताप आला होता असं सांगायचं नाही. नाहीतर परत जावं लागेल."

"परत गेलो तर काय होईल?" मनूने विचारलं.

"काही नाही होणार. पण आपल्याला परत जायचं नाहीये."

मला काय वाटत होतं ते खरं सांगते. मला वाटत होतं, हिला सर्दी कधी नसते? दोन वर्षांत एक कोरडा आठवडा दाखवा. आज पुढे ढकललं तर पुढच्या तारखेलाही हेच होणार. मला फक्त हे संपवायचं होतं. संदेशला मी काहीच सांगितलं नाही, कारण तो नाही म्हणाला असता.

उल्हासनगरच्या त्या स्कॅन सेंटरात एसी इतका होता की मनू कुडकुडायला लागली. मशीन चालवणारा पोरगेला माणूस फॉर्म भरत होता. "ताई, सर्दी-ताप है क्या अभी? पिछले दस-पंधरा दिवसात?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने मनूकडे पाहून हसत विचारलं, "सही बोल रही है मम्मी?" मी मनूचा हात दाबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मान डोलावली. स्कॅनला पाच मिनिटंही लागली नाहीत. पोर लाकडासारखी स्थिर पडून राहिली. बाहेर आल्यावर तिला एक स्टिकर मिळालं, पिवळ्या माशाचं, ते तिने फ्रॉकवर लावलं. संदेश खूश होता, म्हणाला, "बघ, उगाच घाबरत होतो."

मार्क

रिपोर्ट घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी फिल्म उजेडावर लावली. मनूचं डोकं आतून काळं-पांढरं. "जिथे हवा असायला पाहिजे तिथे काळं दिसतं," त्या म्हणाल्या. मनूच्या डोक्यात काळं फार थोडं होतं.

मग त्यांनी मार्क कसे देतात ते समजावलं. नाकाच्या प्रत्येक बाजूला आजूबाजूच्या हाडांत पाच ठिकाणी पोकळ्या तपासायच्या. पोकळी मोकळी असेल तर शून्य, थोडी भरलेली असेल तर एक, पूर्ण भरलेली असेल तर दोन. शिवाय सगळ्यांची जी मुख्य वाट असते ती मोकळी असेल तर शून्य, बंद असेल तर थेट दोन. दोन्ही बाजू मिळून चोवीस. जितके मार्क जास्त तितका आजार जास्त.

मला ते लगेच कळलं. ओके, आल्टर, रिजेक्ट. अकरा वर्षं मी दुसरं काय करते?

"हिचे किती?" संदेशने विचारलं.

"सतरा."

रिपोर्टमध्ये तक्ता होता. मी बोट फिरवत बघितलं. कपाळातल्या दोन्ही पोकळ्यांपुढे शून्य होतं. मी म्हटलं, "निदान या तरी चांगल्या आहेत."

मॅडम म्हणाल्या, "त्या अजून तयारच झालेल्या नाहीत. काही मुलांच्या उशिरा होतात. नसलेल्याला शून्यच देतात."

म्हणजे चोवीसपैकी चार मार्क मिळण्यासारखे नव्हतेच. माझ्या मुलीला वीसपैकी सतरा होते. हा हिशेब मी संदेशला सांगितला नाही.

मॅडमनी दुर्बिणीच्या ऑपरेशनचं सुचवलं, बदलापूरच्या हॉस्पिटलात, तीन आठवड्यांनी. "मी नुसत्या आकड्यावर ऑपरेशन करत नाही. पण औषधांनी फरक नाही आणि आकडा हा असा. सायनस आणि डोळा यांच्यामध्ये हाड अगदी पातळ असतं, कागदाएवढं. काळजी घेऊनच करतो आम्ही, पण तुम्हाला माहीत असायला हवं." त्यांनी संमतीचा फॉर्म घरी वाचायला दिला.

घरी सासूबाईंनी विचारलं, "चोवीसपैकी सतरा? मग पास झाली की." आम्ही कुणी हसलो नाही. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. मी त्यांना समजावलं तेव्हा त्या ओव्याची पुरचुंडी हातात घेऊन तशाच बसून राहिल्या.

ओला माल

आठवडाभर मी तो फॉर्म पर्समध्ये घेऊन कॅम्प पाचला जात-येत होते. सही केली नव्हती. कागदाएवढं हाड, एवढंच डोक्यात फिरत होतं. पण मनाची समजूत घालत होते, की ताप एकाच दिवसाचा होता, त्याने असा काय फरक पडणार? सतरा म्हणजे सतरा.

त्या शनिवारी धुलाईवाल्याकडून आलेला लॉट दमट होता. त्याचा ड्रायर बंद पडला होता. टेम्पो बाहेर उभा, आणि आमचे सेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "सुनीता, फटाफट चेक कर दे. गाडी खडी है."

मी एक पँट उचलली, ट्यूबलाइटखाली धरली आणि खाली ठेवली. "सेठ, गीला माल चेक नहीं होता. पाणी आहे तोवर सगळा डार्क दिसतो. अच्छा पीस भी रिजेक्ट में जाएगा. पहले सुखाओ."

"अरे, थोडा तो गीला है!"

"थोडा असला तरी. मी खूण नाही करणार."

अकरा वर्षांत हे वाक्य मी कितीदा बोलले असेन. त्या दिवशी बोलून झालं आणि खडू माझ्या हातातच राहिला. मी माझ्या मुलीला ओली असताना टेबलावर ठेवलं होतं. वर मार्क देणाऱ्याला सांगितलं होतं की सुकी आहे. आणि त्या मार्कांवर तिच्या डोळ्याशेजारी अवजार जाणार होतं.

मी तिथेच खुर्चीत बसून रडले. सेठ घाबरले, त्यांना वाटलं आपण ओरडलो म्हणून. मी तुटक-तुटक सगळं सांगितलं. हा माणूस एरवी चहाला पाच मिनिटं जास्त झाली तर घड्याळ दाखवतो. त्याने टेम्पोवाल्याला "आज नहीं, सोमवार" म्हणून परत पाठवलं, आणि मला म्हणाला, "घर जा. पहले बच्ची." या सगळ्या काळात ज्या थोड्या माणसांनी मला उपदेश केला नाही, त्यांत सेठ एक.

सांगणं

संदेशला सांगितलं तेव्हा तो पहिल्या पाळीवरून येऊन जेवत होता. त्याचा घास थांबला.

"ताप होता? किती?"

"शंभरच्या वर."

"आणि मला बोलली नाहीस."

"तू तारीख पुढे घे म्हणाला असतास."

"घेतलीच असती ना! एक रजा गेली असती, अजून काय झालं असतं?" तो ताटावरून उठला. मग बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागे गेले नाही. आमचं चौदा वर्षांचं लग्न आहे, कधी मागे जायचं आणि कधी नाही एवढं मला कळतं. बऱ्याच वेळाने तो आत आला, म्हणाला, "सोमवारी मी येतो बरोबर. पण सांगायचं तूच."

मॅडमसमोर मी उभ्यानेच सांगितलं. ताप, औषध, थेंब, मनूचा दाबलेला हात, सगळं. त्यांनी पेनचं टोपण लावलं. मला वाटलं त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत, पण अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मी मुलीच्या डोळ्याशेजारी काम करणार होते, सुनीताताई. तुमच्या कागदावर विश्वास ठेवून."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग त्या खुर्चीत मागे टेकल्या. ताज्या सर्दीत चांगल्या मुलांचेही सायनस भरलेले दिसतात, त्यामुळे या सतरातले खरे किती आणि सर्दीचे किती हे कुणालाच सांगता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. ऑपरेशनची तारीख रद्द केली. रोज दोन वेळा उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, नाकातला स्प्रे चालू ठेवायचा, दोन महिने. तरी त्रास राहिला तरच पुन्हा स्कॅन. "लहान मुलांना परत परत किरण द्यायला मला आवडत नाही," त्या म्हणाल्या. "पण आता दुसरा इलाज ठेवला नाहीत तुम्ही."

निघताना त्यांनी मला बजावलं, "कारखान्यातून आल्यावर आधी कपडे बदला, मग मुलीला जवळ घ्या." अकरा वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

दोन महिने

नाक धुणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. पहिल्या आठवड्यात मनू किंचाळायची, शेजारी बेल वाजवून विचारायचे. एका नाकपुडीतून पाणी घालायचं, दुसरीतून बाहेर यायला हवं. सुरुवातीला ते यायचंच नाही. सकाळची पाळी माझी, संध्याकाळची संदेशची किंवा सासूबाईंची. सासूबाईंनी ओव्याची पुरचुंडी गुंडाळून ठेवली आणि मीठ मोजायला शिकल्या. रविवारी मी कधीकधी उठतच नव्हते. सहा दिवस पहाटे उठल्यावर सातव्या दिवशी माझ्याच्याने होत नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

दीड महिन्याने एके दिवशी संध्याकाळी मी कपडे बदलत होते तेव्हा मनू दाराबाहेरून ओरडली, "आई, कांदा जळतोय!" खरंच जळत होता. मी गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. त्या दिवशी आम्ही करपलेल्या कांद्याची भाजी खाल्ली, कुणी नावं ठेवली नाहीत.

पण घोरणं पुरतं गेलं नव्हतं. मॅडमनी पुन्हा स्कॅन सांगितला. मी तीन वेळा थर्मामीटर लावलं, आदल्या दिवशी दोनदा आणि त्या दिवशी सकाळी. नाक कोरडं होतं, माझ्या थेंबांशिवाय.

तोच माणूस, तोच फॉर्म. "सर्दी-ताप?"

"नाही. पंधरा दिवसांत एकदाही नाही."

त्याने सवयीने मनूला विचारलं, "सच्ची?"

मनूने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. आज काय उत्तर द्यायचं ठरलंय ते ती शोधत होती. सतरा आकडा ऐकताना वाटलं नव्हतं तेवढं वाईट मला तेव्हा वाटलं. मी तिचा हात सोडला आणि म्हटलं, "मनू, जे खरं असेल ते सांग. परत जावं लागलं तरी चालेल."

"सर्दी नाहीये," ती म्हणाली. मग माझ्याकडे पुन्हा बघून, "खरंच नाहीये."

सहा

मार्क आले सहा. कपाळातली उजवीकडची पोकळी आता जराशी दिसायला लागली होती, आणि ती स्वच्छ होती. मॅडमनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या, बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाल्या की सायनसच्या ऑपरेशनची आता गरज नाही. नाकामागची गाठ, अ‍ॅडेनॉइड म्हणतात ती, वाढलेली आहे, घोरणं त्यामुळे असेल. पुढे लागलंच तर तेवढी काढू. नाक धुणं चालूच ठेवायचं. किती दिवस, मी विचारलं. "बघू," त्या म्हणाल्या.

लोकांना वाटतं, असं काही ऐकलं की माणूस आनंदाने उड्या मारतो. मला फक्त बसावंसं वाटलं. संदेशने माझ्या खांद्यावर हात ठेवला, दोन महिन्यांत पहिल्यांदा. अजून रोज पाणी उकळायचंय, अजून पावसाळा आहे, अजून शाळेच्या चिठ्ठ्या आहेत. तो पहिला फॉर्म मात्र मी पर्समधून काढून मॅडमच्या टेबलावर ठेवला. सही न केलेला.

त्यांनी तो फाडून टोपलीत टाकला आणि मनूला जवळ बोलावलं. "काय गं, रोज धुतेस ना नाक? दोन्ही वेळा?"

मी पटकन हो म्हणणार होते. शब्द तोंडापर्यंत आला होता.

"रविवारी सकाळी नाही," मनू म्हणाली. "आई झोपलेली असते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, संदेशनेही. मी मान खाली घालून म्हटलं, "खरं आहे." मॅडमनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं, आणि रविवारची पाळी संदेशला देऊन टाकली.

मी रागावले नाही. उत्तर देताना मनूने माझ्याकडे पाहिलंच नव्हतं.